कागदी पात्रांवरील नैसर्गिक लेप : स्वरूप, उपयोग आणि मर्यादा

गावची जत्रा असो, देवस्थानचा महाप्रसाद असो, लग्नाची पंगत असो वा विद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, जेथे शेकडो माणसे एकत्र जेवतात तेथे पात्रांचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी हा प्रश्न केळीच्या पानाने आणि पत्रावळ-द्रोणांनी सोडविलेला होता. पुढे त्यांची जागा प्लॅस्टिक व थर्माकोल यांनी घेतली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या इत्यादी वस्तूंवर देशभर बंदी घातली आणि त्यानंतर पंगतीत कागदी पात्रे अधिकाधिक दिसू लागली. कागद झाडापासून होतो व मातीत मिळून जातो. तेव्हा कागदी पात्र निर्धोक, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत अपुरी आहे. नुसत्या कागदाच्या द्रोणात गरम सार वाढले, तर जेवण आटोपण्यापूर्वीच द्रोणाचा तळ सुटेल. बाजारातला द्रोण तसा फुटत नाही, कारण त्याच्या आतील अंगास कसला तरी लेप दिलेला असतो. पात्र मातीत मिसळेल की नाही, गरम अन्नात काही उतरेल की नाही आणि त्याचा कागद पुन्हा वापरता येईल की नाही, हे सारे त्या न दिसणाऱ्या लेपावर ठरते. म्हणून कागदी पात्र घेताना कागदाबरोबर लेपाचीही चौकशी होणे अगत्याचे आहे. निसर्गातून मिळणारे लेप कोणते, ते कसे कार्य करतात आणि त्यांच्या मर्यादा काय, याची माहिती येथे दिली आहे.

कागद का भिजतो?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची एकमेकांत गुंतलेली चटई होय. हे तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याचे असतात व सेल्युलोजला पाण्याचे मोठे आकर्षण असते. शिवाय तंतूंच्या मधे असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. दिव्याची वात जसे तेल वर ओढून घेते, तसे या पोकळ्या पाणी व तेल आत ओढून घेतात. पाण्यामुळे तंतूंमधील बंध सैल होतात आणि कागद लिबलिबीत होतो. तेलाने कागद विरघळत नाही, परंतु ते आरपार झिरपते.

केळीचे वा फणसाचे पानही तंतूंचेच बनलेले असते. मग ते का भिजत नाही? कारण पानाच्या पृष्ठभागावर मेणचट द्रव्यांचा एक अत्यंत पातळ पापुद्रा निसर्गानेच चढविलेला असतो. केळीच्या पानावर पाणी शिंपडले असता त्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात, ते या पापुद्र्यामुळे. पान सुकून मातीत पडले की जिवाणू व बुरशी तंतूंसह तो पापुद्राही खाऊन टाकतात. वापरताना टिकणारा आणि काम संपल्यावर नाहीसा होणारा असा हा लेप आहे. नैसर्गिक लेपांचा शोध म्हणजे पानाची ही युक्ती कागदावर उतरविण्याचा प्रयत्न होय.

सध्या कोणता लेप असतो?

चहाच्या बहुतेक कागदी पेल्यांना आतून पॉलिथिलीन या प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. वितळलेले पॉलिथिलीन कागदावर पसरून दाबले जाते व ते तंतूंना घट्ट चिकटते. हा लेप स्वस्त असतो, पाणी अडवितो आणि उष्णतेने सांधला जातो, म्हणून पेला जोडण्यास वेगळा गोंद लागत नाही. परंतु याच चिकटपणामुळे वापरलेल्या पेल्याचा कागद वेगळा काढणे अवघड जाते. साधा रद्दी कागद पाण्यात घुसळला की त्याचा लगदा होतो. लेप असलेल्या कागदाच्या बाबतीत प्लॅस्टिकचे पापुद्रे निराळे काढण्यासाठी खास यंत्रणा लागते. ती सर्वत्र नसल्याने असे पेले कचऱ्यातच जातात. मातीत कागद कुजतो आणि पापुद्रा मागे उरतो. अन्नाच्या वासाने गुरे अशी पात्रे खातात व तो पापुद्रा त्यांच्या पोटात साचतो.

आरोग्याची बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदी पेल्यात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले होते. पाण्याचे तापमान ८५ ते ९० अंश सेल्सिअस होते. तेवढ्या अवधीत सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण पाण्यात उतरल्याचे त्यांना आढळले. तामिळनाडू राज्याने १ जानेवारी २०१९ पासून लागू केलेल्या बंदीत प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी पेले व ताटल्या यांचाही समावेश केला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

पंगतीत दिसणारे चकचकीत चंदेरी द्रोण हेही याच वर्गातले. ती चकाकी बहुधा प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर चढविलेल्या ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म थराची असते. तेलकट पदार्थांच्या काही वेष्टनांना फ्लोरिनयुक्त रसायने लावण्याची पद्धत परदेशांत रूढ होती. ही रसायने निसर्गात अतिशय दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणून डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांच्या वापरास मनाई केली.

लेप नको म्हणून वर्तमानपत्राचा कागद घ्यावा, तर तोही उपाय नव्हे. छपाईच्या शाईतील रंगद्रव्ये व अन्य रसायने गरम, तेलकट भज्यांत सहज उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये याविषयी सूचना काढली आणि वेष्टनाविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी अन्न बांधण्यासाठी व साठविण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली.

जुनी परंपरा

कागदावर नैसर्गिक लेप देण्याची कल्पना नवी नाही. हातकागद तयार करणारे आपले कारागीर वाळलेल्या कागदाला तांदळाची वा अन्य पिष्टाची खळ लावीत आणि नंतर गुळगुळीत दगडाने तो घोटीत. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील व आजच्या महाराष्ट्रातील दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव या धंद्यावरूनच नाव मिळालेले आहे. खळ लावण्याचा हेतू शाई पसरू नये हा होता. म्हणजे द्रवाला तंतूंत शिरू न देणे हाच. लाखेचा लेप लाकडी खेळण्यांना व भांड्यांना दिला जात असे, तर मेणाचा लेप कापडास व दोऱ्यास. आजच्या प्रयोगशाळा हेच पदार्थ अधिक शुद्ध स्वरूपात आणि मोजक्या जाडीत वापरून पाहत आहेत.

नैसर्गिक लेपांचे प्रकार

मेण : मधमाश्यांचे मेण आणि वनस्पतींची मेणे पाणी अडविण्यात उत्तम ठरतात. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. म्हणून कोरड्या व थंड पदार्थांच्या वेष्टनास ते योग्य, परंतु वाफाळत्या चहास निरुपयोगी. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांपर्यंत टिकते. बाजारातील मेणकागद मात्र पुष्कळदा पॅराफिनचा असतो व पॅराफिन हे खनिज तेलापासून निघते. ‘मेण’ एवढ्या शब्दावरून लेप नैसर्गिक आहे असे समजू नये.

लाख : पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणारे लाखेचे कीटक जे राळेसारखे द्रव्य स्रवतात, ते शुद्ध केले म्हणजे चपडा लाख मिळते. भारत हा लाखेच्या उत्पादनात जगात अग्रेसर देश असून झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश या राज्यांतील वनवासी कुटुंबांना तिच्यापासून उत्पन्न मिळते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्था स्थापन झाली. औषधाच्या गोळ्या, मिठाई व फळे यांना चकाकी देण्यासाठी लाख वापरली जाते. तिचा लेप पाणी व तेल या दोहोंस बऱ्यापैकी अडवितो. परंतु तो ठिसूळ असतो, कागदाची घडी घातली की त्यास तडे जातात आणि अधिक उष्णतेत तो मऊ पडतो.

पिष्ट : मका, टॅपिओका, बटाटा यांचे पिष्ट स्वस्त व मुबलक असते. त्याचा सलग थर तेलाला चांगला अटकाव करतो, परंतु पाण्यापुढे टिकत नाही; खळ जशी पाण्याने सुटते तसा तो सुटतो. खाजे, फरसाण, लाडू अशा कोरड्या व तुपकट पदार्थांच्या पुडीला तो पुरेसा ठरू शकतो.

प्रथिने : दुधातील केसीन, पनीर वा चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिने, मक्यातील झेईन व सोयाबीनमधील प्रथिने यांपासून पातळ पापुद्रे तयार होतात. ते तेल व हवेतील प्राणवायू यांना अडवितात, म्हणून स्निग्ध पदार्थ लवकर खवट होत नाहीत. झेईन पाण्यात विरघळत नाही, हा त्याचा विशेष. अन्य प्रथिनांचे लेप दमट हवेत नरम पडतात, ही गोष्ट कोकण किनारपट्टीच्या पावसाळ्यात विशेष ध्यानात ठेवावी लागेल.

कायटोसान : कोळंबी, कुर्ल्या यांच्या कवचांत कायटिन नावाचे द्रव्य असते. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८११ साली प्रथम अळिंब्यांतून वेगळे केले होते. कवचातील चुना सौम्य आम्लाने व प्रथिने सौम्य अल्कलीने काढून टाकली की कायटिन उरते. त्यावर तीव्र व उष्ण अल्कलीची क्रिया केली म्हणजे कायटोसान तयार होते. ते सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळते व कागदावर पसरता येते. कायटोसानच्या कणांवर धन विद्युत्‌भार आणि कागदाच्या तंतूंवर ऋण भार असल्याने दोहोंची पकड चांगली बसते. शिवाय ते कित्येक जिवाणूंची व बुरशीची वाढ रोखते आणि तेलालाही अडविते. कोळंबी सोलल्यानंतर तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग डोके व कवच या रूपाने टाकून द्यावा लागतो. गोव्यासारख्या मासळीच्या प्रदेशात दुर्गंधीचे कारण ठरणारा हा कचरा लेपाचा कच्चा माल होऊ शकतो. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कायटिन व कायटोसान यांच्या निर्मितीवर दीर्घकाळ काम केलेले आहे. मात्र या निर्मितीत वापरलेले आम्ल व अल्कली योग्य प्रक्रिया न करता नाल्यात सोडले, तर एक प्रदूषण टाळताना दुसरे ओढवेल.

एका लेपाने भागत नाही

वरील वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जे पदार्थ तेल अडवितात ते बहुधा पाण्यापुढे हार खातात आणि जी मेणे पाणी अडवितात ती उष्णतेपुढे. म्हणून दोन थरांची योजना करण्यात येते. आधी पिष्टाचा वा कायटोसानचा थर देऊन कागदाची छिद्रे बुजवावयाची, नंतर त्यावर मेणाचा वा लाखेचा थर चढवावयाचा. छिद्रे आधीच बुजलेली असल्याने वरचा महाग थर आत मुरून वाया जात नाही. पिष्टात बारीक चिकणमाती मिसळल्यास तिच्या चपट्या कणांमुळे पाण्याच्या वाफेचा मार्ग वळणावळणाचा होतो व ती उशिरा पार जाते.

तरीही खर्च, दमट हवेतील टिकाऊपणा आणि उकळत्या द्रवास तोंड देण्याची शक्ती या तीन बाबतींत प्लॅस्टिकचा थर अद्याप सरस ठरतो. कोरड्या व तेलकट पदार्थांच्या वेष्टनास नैसर्गिक लेप आज अधिक सुलभ आहेत. गरम चहा-आमटीसाठी ते अधिक कठीण. जेथे हे लेप पुरे पडत नाहीत तेथे स्टीलचा पेला, मातीचे पात्र किंवा झाडाचे पान वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

लेप कोणत्या पदार्थापासून झाला, हे जाहीर होणेही आवश्यक आहे. कवचधारी जलचर, दूध, गहू किंवा सोयाबीन यांची काहींना तीव्र बाधा होते. कायटोसान जलचरांच्या कवचापासून व लाख कीटकांपासून मिळते, हे देवस्थानच्या प्रसादासाठी किंवा उपवासाच्या फराळासाठी पात्रे घेणाऱ्यांस आधी कळले पाहिजे. नैसर्गिक म्हणून सर्वांस ग्राह्य, असे गृहीत धरता येत नाही.

‘विघटनशील’ म्हणजे नेमके काय?

वेष्टनांवर हा शब्द सर्रास छापलेला दिसतो. किती दिवसांत आणि कोणत्या परिस्थितीत विघटन होते, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. खत होण्याजोग्या प्लॅस्टिकसाठी भारतीय मानक १७०८८ हे आहे. त्यातील चाचणीत पदार्थ सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या नियंत्रित खतप्रक्रियेत ठेवतात व १८० दिवसांत त्यातील कार्बनचे ९० टक्के रूपांतर व्हावे अशी अपेक्षा असते. पिष्टातील साखर आंबवून तयार होणारा पॉलिलॅक्टिक आम्लाचा लेप या वर्गात मोडतो. त्याचे मूळ वनस्पतीत असले, तरी परसातल्या थंड खड्ड्यात तो फार सावकाश विरतो. म्हणून ‘मक्यापासून केलेला’ असे सांगितल्यास तो मक्याचे पिष्ट आहे की त्यापासून केलेले प्लॅस्टिक, हे विचारून घ्यावे.

विद्यालयांसाठी प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. एकाच जातीच्या जाड तपकिरी कागदाचे प्रत्येकी १० सेंटिमीटर बाजूचे चार चौरस कापावेत. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्यास तांदळाच्या पिठाची पातळ खळ दोन वेळा लावून वाळवावा. तिसऱ्यास मधमाश्यांचे वितळलेले मेण ब्रशने लावावे. चौथ्यास आधी खळ लावून ती वाळल्यावर वर मेण लावावे. मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे आणि हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

प्रत्येक चौरसावर थंड पाण्याचा एक व गोडेतेलाचा एक थेंब टाकून पाच, दहा आणि तीस मिनिटांनी मागील बाजू पाहावी. नंतर कोरड्या जागी गरम पाण्याचा थेंब टाकून मेणाचे काय होते ते पाहावे. खळीच्या चौरसावर तेल आणि मेणाच्या चौरसावर थंड पाणी रेंगाळते, याची नोंद विद्यार्थ्यांनी तक्त्यात करावी. कागद कारखान्यातही याच तत्त्वावर परीक्षा घेतात. तेथे १०० चौरस सेंटिमीटर कागदावर ठरावीक वेळ पाणी ठेवून त्याचे वजन किती वाढले ते मोजतात. प्रयोगशाळेत तराजू असल्यास विद्यार्थ्यांनाही हे मोजमाप करता येईल.

प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. हे चारही चौरस व बाजारातील एक कागदी पेला एका मोठ्या कुंडीतील ओलसर मातीत पुरावेत आणि दोन महिन्यांनी उकरून पाहावेत. लेप मातीत जातो की मागे राहतो, याचे उत्तर विद्यार्थ्यांस डोळ्यांनी दिसेल. प्रयोगात तयार केलेले कागद खाद्यपदार्थांसाठी वापरू नयेत.

खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

स्वयंसहाय्य गट, देवस्थान समित्या, उपाहारगृहे व पंचायती यांनी पात्रे विकत घेण्यापूर्वी पुरवठादारास चार प्रश्न विचारावेत. लेप कोणत्या द्रव्याचा आहे? तो किती उष्णतेपर्यंत टिकतो? अन्नाच्या संपर्कासाठी त्याची तपासणी झाली आहे काय? आणि वापरानंतर तो साध्या खतखड्ड्यात जिरतो की त्यास खास संयंत्र लागते? उत्तरे लेखी घेतल्यास पुढील वाद टळतात.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक सोपी पारखही आहे. कागदी पेला रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटांनी चोळावा. कागद सुटून हाती पारदर्शक, ताणला जाणारा पापुद्रा राहिला, तर आत प्लॅस्टिकसदृश थर आहे हे निश्चित समजावे. असे पेले ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. तसेच ते जाळूही नयेत. त्यांचा धूर अपायकारक असतो. गोवा राज्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा अधिनियम १९९६ सालीच झालेला आहे. त्याची अंमलबजावणी सुलभ होण्यासाठी कचरा वेगळा करणाऱ्या प्रत्येक हाताला पात्रावरील लेपाची ओळख असणे इष्ट आहे.

पात्र निवडताना ज्या अन्नासाठी ते हवे त्याचा विचार प्रथम व्हावा. कोरड्या खाऊला साधा स्वच्छ कागद पुरतो. तेलकट पदार्थास पिष्टाचा वा प्रथिनाचा लेप चालतो. थंड व ओलसर पदार्थास मेणाचा वा लाखेचा. गरम द्रवपदार्थासाठी धुऊन वापरता येणारे भांडे सर्वांत चांगले. जेथे केळीची व फणसाची पाने मुबलक आहेत तेथे पानाला पहिला मान द्यावा. आषाढ-श्रावणात हळदीच्या पानात पातोळ्या उकडणाऱ्या घरांना पान उष्णता व ओल दोन्ही सोसते हे सांगावे लागत नाही. काम झाल्यावर मातीत मिळून जाणे, ही त्या पानाची कसोटी आहे. कागदी पात्रावरील प्रत्येक लेप याच कसोटीवर पारखून घेतला, तर पंगत उठल्यानंतर गावाच्या माथी कचरा शिल्लक राहणार नाही.